पडद्यामागून पाहिलेला तुकाराम

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. सांगा पाहू, अशी कोणती गोष्ट आहे की जी एका सेकंदात चोवीस वेळा थांबते, आणि तरीही ती धावतेय असंच आपल्याला वाटतं?

नाही येत? बरं, सांगते. सिनेमा!

मी बारामतीला राहते आणि इंदापूर तालुक्यातल्या एका लहानशा गावी शिकवायला जाते. मागच्या वर्षी मी हे कोडं आमच्या चौथीच्या वर्गात घातलं. एकानं सांगितलं, ‘बाई, यष्टी!’ सगळा वर्ग खो खो हसला. खरंच, आमच्या गावाची एस.टी. थांबतेच तेवढ्या वेळा! पण सिनेमाचं उत्तर कुणालाच आलं नाही. येणार तरी कसं? तुम्ही सिनेमा पाहता तो आईबाबांच्या मोबाईलवर, नाहीतर घरातल्या टीव्हीवर. सिनेमाची फिल्म कशी असते, रीळ म्हणजे काय, हे तुम्ही पाहिलेलंच नसतं.

माझ्या आजीनं मात्र ते पाहिलं होतं. तिचीच गोष्ट आधी सांगते.

तंबूतला सिनेमा

आजी दहा-बारा वर्षांची असेल तेव्हा. गावोगावच्या जत्रांमध्ये त्या काळी तंबूतले सिनेमे यायचे. टुरिंग टॉकीज म्हणायचे त्यांना. ट्रकमधून तंबूचं कापड, बांबू, पडदा, प्रोजेक्टर आणि पत्र्याच्या डब्यांत भरलेली सिनेमाची रिळं यायची. दिवसा कर्ण्यावरून गावभर पुकारा व्हायचा आणि दिवस मावळला की जमिनीवर पोती टाकून माणसं दाटीवाटीनं बसायची.

आजीकडं तिकिटाला पैसे नव्हते. पण ती कसली हुशार! पडदा म्हणजे पांढरं कापड. त्याच्यावर उजेड पडला की मागच्या बाजूलाही चित्र दिसतंच. आजी आणि तिच्या मैत्रिणी तंबूच्या मागं जाऊन, कनात वर करून आत शिरल्या आणि पडद्यामागं बसल्या. सिनेमा होता ‘संत तुकाराम’. पण मागून पाहिल्यामुळं सगळंच उलटं! तुकोबांच्या उजव्या हातातली चिपळी आजीला डाव्या हातात दिसली.

मी लहानपणी तिला विचारलं होतं, ‘आजी, मग पडद्यावरची अक्षरंसुद्धा उलटी दिसली असतील ना गं?’

आजी म्हणाली, ‘दिसली असतील बाई. मला सुलटी तरी कुठं वाचता येत होती!’

तेव्हा मी हसले होते. आज मला त्या वाक्याचं हसू येत नाही.

जरा गणित करू

घाबरू नका, सोपंच आहे! तंबूतल्या त्या फिल्मच्या पट्टीवर एकेका फुटात १६ चित्रं असतात. बोलपट चालतो तेव्हा दर सेकंदाला २४ चित्रं प्रोजेक्टरच्या भिंगासमोरून जातात. प्रत्येक चित्र क्षणभर थांबतं, मग अंधार, मग पुढचं चित्र. हे इतकं झटपट होतं, की आपल्याला सलग हालचालच दिसते.

म्हणजे एका सेकंदाला दीड फूट फिल्म लागली. हजार फुटांचं एक रीळ साधारण ११ मिनिटांत संपतं. आता अडीच तासांचा सिनेमा घ्या. अडीच तास म्हणजे ९,००० सेकंद. दीड फुटानं गुणा. १३,५०० फूट! चार किलोमीटरहून लांब पट्टी आणि तिच्यावर २ लाख १६ हजार चित्रं! तंबूत प्रोजेक्टर एकच असला, तर रीळ संपलं की सिनेमा थांबायचा. दुसरं रीळ चढवेपर्यंत अंधारात पोरांच्या शिट्ट्या.

सुरुवात कुठून झाली?

आपल्याकडं हलती चित्रं पहिल्यांदा दाखवली गेली ती ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची ती चित्रं होती. ती पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा यांनी कॅमेरा मागवला आणि १८९९ साली चक्क कुस्तीचं चित्रण केलं. आपल्या माणसानं पहिल्यांदा कॅमेरा रोखला तो कुस्तीवर! आहे की नाही आपल्या मातीची गंमत? १९१२ साली दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ आला.

आणि मग दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले. त्यांनी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि त्यांच्या डोक्यात एकच ध्यास बसला, आपले राम-कृष्ण पडद्यावर का दिसू नयेत? विम्याची पॉलिसी गहाण पडली. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले. दादासाहेब लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले. आधी त्यांनी काय केलं ठाऊक आहे? कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि त्याचं रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर मिनिटाभरात दाण्याचा वेल झाला! पाहणारे थक्क झाले. पैसे देणारे त्यानंतरच तयार झाले.

‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ३ मे १९१३ रोजी लागला. तारामतीचं काम करायला एकही बाई तयार होईना. शेवटी हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या तरुणाला लुगडं नेसवून तारामती केलं. रोहिदास झाला दादासाहेबांचाच मुलगा. सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायच्या आणि फिल्मला भोकं पाडण्यासारखी कामंही करायच्या. पुढं १९१९ साली ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्ण झाली ती फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी. तुमच्याएवढीसुद्धा नव्हती ती!

तिकडं कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा तयार केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ काढला. १९२५ साली त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला. त्यात देव नाहीत, राजा नाही. आहे तो सावकाराच्या कर्जात जमीन गमावलेला एक शेतकरी. ते काम केलं होतं व्ही. शांताराम यांनी.

सातासमुद्रापारचे शेजारी

आता जरा दूर जाऊ. नकाशात ऑस्ट्रेलिया शोधा. कांगारू आणि क्रिकेट यांच्यापलीकडं आपल्याला त्या देशाचं काय ठाऊक असतं? पण एक तासाहून मोठा, पूर्ण गोष्ट सांगणारा जगातला पहिला चित्रपट तिथं तयार झाला. १९०६ साली, म्हणजे आपल्या ‘हरिश्चंद्रा’च्या सात वर्षं आधी! नेड केली नावाच्या बंडखोर दरोडेखोराची ती गोष्ट. आपल्या पहिल्या गोष्टीत सत्यासाठी राज्य सोडणारा राजा आणि त्यांच्या पहिल्या गोष्टीत पोलिसांना गुंगारा देणारा दरोडेखोर. पाहा, प्रत्येक देश पहिली गोष्ट आपल्याच घरातली सांगतो.

आणि हो, ऑस्ट्रेलियानं आपल्याला एक माणूसही दिलं बरं का! पर्थ शहरात १९०८ साली जन्मलेली मेरी इव्हान्स लहानपणी हिंदुस्थानात आली. पुढं मुंबईच्या वाडिया बंधूंच्या ‘हंटरवाली’ (१९३५) या चित्रपटात ती नायिका झाली. घोडा फेकायची, चाबूक चालवायची, गुंडांना उचलून आपटायची. धावत्या आगगाडीच्या टपावर मारामारी करायची, तीही स्वतः! लोक तिला ‘फिअरलेस नादिया’ म्हणजे निडर नादिया म्हणायचे. वीस-बावीस वर्षांपूर्वी जिथं स्त्रीचं काम करायला बाई मिळत नव्हती, तिथं ही!

तुकोबा पडद्यावर

मराठी पडदा बोलू लागला १९३२ साली. कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट. आणि गंमत म्हणजे गोष्ट पुन्हा हरिश्चंद्राचीच! पण या वेळी तारामती झाल्या दुर्गा खोटे. पुढच्याच वर्षी ‘प्रभात’ पुण्याला आली. पुण्यातल्या प्रभात रस्त्याचं नाव त्या कंपनीवरूनच पडलंय. जिथं तिचा स्टुडिओ होता, तिथं १९६० साली सरकारनं चित्रपट शिकवणारी संस्था सुरू केली.

प्रभातचा ‘संत तुकाराम’ आला १९३६ साली. विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले होते. मुंबईत एकाच थिएटरात तो वर्षाहून जास्त चालला आणि १९३७ साली इटलीतल्या व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. दरवर्षी ज्या वाटेनं तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत पंढरीला जाते, त्या वाटेवरच्या माणसांना हा सिनेमा किती जवळचा वाटला असेल! आजी म्हणायची, ‘तंबूत मोठी माणसं पडद्याला हात जोडायची.’ आणि पडद्यामागच्या या पोरी? त्यांना वाटायचं, सगळे आपल्यालाच नमस्कार करतायत!

प्रभातनंच १९३७ साली ‘कुंकू’ काढला. म्हाताऱ्या नवऱ्याशी फसवून लग्न लावून दिलेली मुलगी त्यात ठामपणे सांगते, हे लग्न मला मान्य नाही. विचार करा, सुमारे नव्वद वर्षांपूर्वी!

आई, तमाशा आणि खळखळून हसू

१९५३ साली आचार्य अत्र्यांनी साने गुरुजींच्या पुस्तकावरून ‘श्यामची आई’ काढला. देशात राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं ते याच मराठी चित्रपटाला. मग तमाशाप्रधान चित्रपटांचे दिवस आले. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला. म्हणजे अडीच वर्षं! पहिलीतलं मूल तिसरीत जाईल तोवर सिनेमा आपला तिथंच.

१९७१ साली दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’ आला. दादांचं गाव आपल्याच पुणे जिल्ह्यात, भोरजवळचं इंगवली. ढगळ हाफ चड्डी, लोंबणारी नाडी आणि बावळट चेहरा! त्यांचे लागोपाठ नऊ चित्रपट पंचवीस-पंचवीस आठवडे चालले. त्याच दशकात जब्बार पटेलांनी ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ काढले. त्यांत साखर कारखानदारी होती, राजकारण होतं. ऊस पिकवणाऱ्या आपल्या भागाला त्यातलं बरंच काही ओळखीचं वाटलं असणार. पुढं ‘धूमधडाका’ (१९८५), ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८), आणि तात्या विंचूचा ‘झपाटलेला’ (१९९३) आले. तात्या विंचू तर तुम्हांला ठाऊकच आहे. तो बाहुला रामदास पाध्ये यांनी घडवलेला.

घरात आलेला पडदा

सिनेमा पाहायला घराबाहेर जावं लागायचं. टीव्हीनं पडदाच घरात आणला. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती आमची माणसं’, लहान मुलांसाठी ‘किलबिल’, आणि घरादारासाठी ‘चिमणराव’. चिमणराव झाले होते दिलीप प्रभावळकर. १९८२ साली टीव्हीला रंग आले. १९८७ साली ‘रामायण’ सुरू झालं, तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे.

माझं लहानपण १९९० नंतरचं. आमच्याकडं काळा-पांढरा टीव्ही होता. छपरावर अँटेना. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या! मग भाऊ छपरावर चढायचा आणि अँटेना फिरवायचा. ‘आलं का?’ ‘नाही!’ ‘आता?’ ‘आलं आलं... गेलं!’ रविवारी दुपारी मराठी चित्रपट लागायचा आणि आमच्या खोलीत आळीतली वीस माणसं बसलेली असायची. आजीला आम्ही मुद्दाम पुढं बसवायचो. म्हणायचो, ‘आजी, आता सुलट बघ!’

१९९९ साली ‘अल्फा मराठी’ वाहिनी सुरू झाली, पुढं तिचंच नाव ‘झी मराठी’ झालं. रोजच्या मालिका आल्या. पडद्यावर घरं दिसू लागली. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ मालिकेत तर आजोबांपासून नातवापर्यंत सगळं कुटुंब होतं. पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? मालिकेतली घरं बहुधा शहरातली, भाषा शहरातली. गावाकडचं माणूस आलंच, तर बरेचदा हसवायला यायचं. आपण आपल्यासारखं बोललो की लोक हसतात, हे आम्ही त्या पडद्यावरूनच शिकलो.

आणि मुलांनो, इथं मला तुमच्यापाशी एक चूक कबूल करायची आहे.

बाईंची चूक

आमच्या वर्गात एक मुलगा आला. त्याचे आईवडील मेंढरं घेऊन फिरायचे. तो आजीपाशी राहून शाळेत यायचा. पहिल्याच दिवशी त्यानं उभं राहून सांगितलं, ‘बाई, म्या काल तळ्यावर लई रोहित बगितलं.’ भिगवणजवळ उजनीच्या पाण्यावर थंडीत रोहित पक्षी येतात, ते त्यानं मोजले होते. पाय कसे, चोच कशी, सगळं सांगायला तो अगदी उतावीळ झाला होता.

मी काय केलं? म्हटलं, ‘म्या नाही, मी. लई नाही, खूप. बगितलं नाही, पाहिले. पुन्हा सांग.’ वर्ग हसला. तो पुन्हा बोलला. मी पुन्हा चूक काढली. तिसऱ्यांदा तो खाली बसला. ते रोहित त्याच्या पोटातच राहिले.

मला वाटलं, मी चांगलंच काम करते आहे. शुद्ध बोलायला शिकवायला नको का? पण त्या दिवसापासून तो वर्गात बोलेनासाच झाला. विचारलं तर मान हलवायचा. दोन-अडीच महिने असेच गेले.

मग एका शनिवारी मी वर्गातल्या टीव्हीवर ‘टिंग्या’ लावला. मंगेश हाडवळे यांनी काढलेला २००८ सालचा हा चित्रपट आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर भागातल्या एका मुलाची आणि त्याच्या बैलाची गोष्ट सांगतो. बैल जायबंदी होतो. कर्जात बुडालेला बाप तो खाटकाला विकायचं ठरवतो. आणि टिंग्या विचारतो, म्हातारं माणूस आजारी पडलं तर आपण त्याला औषधपाणी करतो, मग माझ्या बैलानं काय केलं? टिंग्याचं काम करणाऱ्या शरद गोयेकरला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

सिनेमा सुरू झाला आणि पहिल्या काही वाक्यांतच मला मागून हसू ऐकू आलं. तोच मुलगा! आनंदानं हसत होता. शेवटाकडं मात्र सगळा वर्ग गप्प. सिनेमा संपला, आणि तो उभा राहिला. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच आपणहून.

‘बाई, ह्यो आपल्यागत बोलतुया. मंग त्येला बक्षीस कसं काय दिलं?’

मुलांनो, मी पंधरा वर्षं शिकवते आहे. पण या प्रश्नावर मला पटकन उत्तर देता आलं नाही. मी एवढंच म्हणाले, ‘कारण तो खरं बोलला म्हणून. आणि तुझी बाई चुकली. तू त्या दिवशी रोहितांबद्दल काय सांगत होतास, ते आज सांग. तुझ्या भाषेत.’

तो बोलला. घंटा होऊन गेली तरी बोलत होता.

त्यानंतर आम्ही वर्गाच्या भिंतीवर दोन रकाने केले. एक ‘घरची बोली’, दुसरा ‘पुस्तकाची बोली’. ‘न्हाय - नाही’, ‘लई - खूप’, ‘हिकडं - इकडे’. परीक्षेत पुस्तकाची बोली लिहायची, ती यायलाच हवी. पण घरच्या बोलीला चूक म्हणायचं नाही. पहिला रकाना पाहता पाहता भिंतीच्या टोकापर्यंत गेला. दुसरा भरायला मात्र मुलांना मलाच विचारावं लागलं!

आपल्या मातीतला सिनेमा

गेल्या वीस-बावीस वर्षांत मराठी सिनेमात हाच मोठा बदल झाला. सुरुवात ‘श्वास’नं झाली (२००४). डोळ्याच्या कर्करोगामुळं दृष्टी जाणाऱ्या नातवाला शस्त्रक्रियेआधी जग दाखवणारे आजोबा, एवढीच गोष्ट. पण ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी देशातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार पुन्हा मराठीला मिळाला. २००९ च्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’नं तर फाळक्यांचीच गोष्ट सांगितली. त्याच परेश मोकाशींचा ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४) पंढरपुरात घडतो. आईवर सायकल विकायची पाळी येते, आणि ती वाचवायला मुलं एकादशीच्या गर्दीत दुकान मांडतात. कोकणातल्या मुलांचा ‘किल्ला’ जर्मनीत बर्लिनच्या महोत्सवात गेला. तिथं मुलांनीच परीक्षक होऊन त्याला बक्षीस दिलं!

आता भिगवणहून सोलापूरकडं रेल्वेनं निघा. वाटेत जेऊर लागतं, पुढं केम. जेऊर हे नागराज मंजुळे यांचं गाव. त्यांच्या ‘फँड्री’तला जब्या शाळेत जाणारा मुलगा. त्याच्या घरच्यांना गावातली डुकरं पकडावी लागतात, आणि वर्गातली मुलं ते बघून हसतात. ‘फँड्री’ हा कैकाडी भाषेतला शब्द, म्हणजे डुक्कर. शेवटी जब्या एक दगड भिरकावतो आणि तो सरळ आपल्याच दिशेनं येतो. म्हणजे हसणाऱ्यांच्या दिशेनं! जब्या झालेल्या सोमनाथ अवघडेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो केमचा. मोठ्या मुलांनी हा सिनेमा घरच्यांबरोबर जरूर पाहावा.

आणि ‘सैराट’ (२०१६)! त्याची गाणी ठाऊक नाहीत असं मूल दाखवा. तो शंभर कोटींहून जास्त कमावणारा पहिला मराठी चित्रपट. इंदापुराहून पालखी पुढं ज्या अकलूजला जाते, तिथली शाळकरी रिंकू राजगुरू त्याची नायिका. जी बोली ऐकून आम्ही एकेकाळी मान खाली घालायचो, तीच बोली मुंबई-पुण्याची मुलं हौसेनं बोलू लागली. २०२३ सालच्या ‘नाळ २’ला उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्यातल्या तीन मुलांनाही. आज तर मोबाईल हातात आहे. फाळक्यांनी विमा गहाण ठेवून आणलेला कॅमेरा तुमच्या खिशातच आहे म्हणा ना!

पण जपणार कोण?

आता शेवटची, जरा वाईट वाटणारी गोष्ट. ‘राजा हरिश्चंद्र’चा आज थोडासाच भाग उरला आहे. ऑस्ट्रेलियाच्या त्या १९०६ सालच्या चित्रपटाचंही तसंच. जुनी फिल्म चटकन पेट घेई, सडे, आणि काम संपलं की फेकूनही दिली जाई. मूक जमान्यातले बहुतेक चित्रपट असे नाहीसे झाले. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. तिथले पी. के. नायर गावोगाव फिरून रिळं गोळा करायचे. फाळक्यांच्या घरी जाऊन त्यांनी उरलेले तुकडे मिळवले. म्हणून आज मंदाकिनीचा बाळकृष्ण आपण पाहू शकतो.

चित्रपट जपायला संग्रहालय आहे. पण तो पाहणाऱ्यांच्या आठवणी? त्यांना कुठलं संग्रहालय?

माझी आजी आता नाही. तिच्या सिनेमाबद्दल मला एवढंच ठाऊक आहे, जेवढं मी तुम्हांला वर सांगितलं. ती जत्रा कुठली? तंबू कुणाचा? बरोबरच्या मैत्रिणी कोण? मी विचारलंच नाही. हसण्यात वेळ गेला. तिला लिहिता येत नव्हतं, आणि मला येत असून मी लिहून ठेवलं नाही.

म्हणून आमच्या वर्गानं एक वही केली. नाव दिलं ‘आजीचा पहिला सिनेमा’. मुलांनी घरोघर विचारून आठवणी आणल्या. जशा सांगितल्या तशाच, घरच्या बोलीत लिहिल्या. त्या मेंढपाळाच्या मुलानं आजीची आठवण लिहिली आहे. ती मेंढरं राखताना लांबून, माळावरून सिनेमा बघायची. तंबूतलं दिसायचं काहीच नाही, नुसता आवाज ऐकू यायचा. तो लिहितो, ‘आजीनं शिनिमा कानानं बगितला.’

या वाक्यात मी एकही चूक काढलेली नाही.

तर मित्रांनो, या सुट्टीत तुम्हांला तीन कामं. एक, कुंडीत वाटाणा पेरा आणि फाळक्यांसारखं रोज एकाच जागेवरून, एकाच वेळी त्याचं एक छायाचित्र काढा. महिन्यानं सगळी भराभर सरकवून पाहा! दोन, तुमच्या घरच्या बोलीतले पन्नास शब्द लिहून काढा. आणि तीन, आजी-आजोबांजवळ बसा आणि विचारा, ‘तुम्ही पहिला सिनेमा कुठं पाहिला? कुणाबरोबर? तिकीट किती होतं?’ ते जे सांगतील, ते लगेच लिहा. उद्या लिहू म्हणू नका.

मी एकदा म्हटलं होतं.